सुईण, सेविका, आशा : कौशल्य कुणाचे आणि पद कुणाचे?

ग्रामीण आरोग्यसेवेची चर्चा सुरू झाली की पहिले वाक्य ठरलेले असते : प्रशिक्षित मनुष्यबळ नाही. शासकीय अहवाल हे म्हणतात, अग्रलेख हे म्हणतात आणि खाजगी नर्सिंग कॉलेजांच्या भिंतीवरच्या जाहिरातीही हेच म्हणतात. वाक्य खोटे नाही. पण त्यातील 'प्रशिक्षित' हा शब्द तपासून पाहिला पाहिजे असे मला वाटते. कुणाला प्रशिक्षित म्हणायचे हे कोण ठरवते? जे काम एका जातीच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या त्याला कौशल्य म्हणायचे की परंपरा, हे कोणत्या दरबारात ठरले? मी इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्यकातले मला फारसे कळत नाही. परंतु ज्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) मी वाढलो आणि शिकवतो, तेथील या प्रश्नाचा इतिहास पाहिला तर असे दिसते की दलित स्त्रीच्या हातात कौशल्याची वाण कधी नव्हती. वाण होती ती पदाची, पगाराची आणि वर चढण्याच्या पायरीची. हा लेख तेवढेच मांडण्यासाठी आहे.

गावगाड्यापासून सुरुवात करू. इंग्रजी अमदानीत अधिकाऱ्यांनी जातीजातींची जी वर्णने लिहून ठेवली त्यांत मांग जातीच्या पुरुषांची कामे सविस्तर येतात. दोर वळावेत, केरसुण्या कराव्यात, डफ-सनई वाजवावी, गावाची राखण करावी. त्याच वर्णनांत जाता जाता असाही उल्लेख सापडतो की या जातीच्या स्त्रिया सुईणीचे काम करतात. काही गावांत हे काम न्हाविणीकडे होते, काही ठिकाणी महारणीकडे. पण ते पाटलिणीकडे किंवा कुलकर्णिणीकडे कोठेही नव्हते. कारण उघड आहे. बाळंतपणात रक्त असते, वार असते, नाळ कापावी लागते, आणि हे सारे विटाळाचे. ज्या बाईच्या हातचे पाणी चालत नव्हते तिच्याच हातात गावातले प्रत्येक मूल प्रथम पडत होते. पाचवी झाली, बारावा दिवस सरला, की तो हात पुन्हा उंबऱ्याबाहेर. मोबदला काय, तर पायलीभर धान्य, एखादे लुगडे-चोळी, नारळ. मुलगी झाली तर तेही निम्मे.

बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकाखाली एक बसवते. सुईणीइतके याचे उघड उदाहरण दुसरे मिळणार नाही. तिच्या कामावाचून गावाचे एक दिवसही चालत नव्हते, आणि नेमके त्याच कामामुळे ती खालची ठरत होती.

माझी आजी, वडिलांची आई, कर्जत तालुक्यात सुईण होती. पोटावरून हात फिरवून मूल आडवे आहे की पायाळू हे ती सांगत असे. वार पडायला उशीर झाला तर ओढायची नाही, थांबायचे, हे तिला ठाऊक होते. मूल रडले नाही तर नाळ न कापता वारेला शेक द्यायचा, हा तिचा जुना उपाय. कोणती बाई आपल्या हातची नाही, तिला नगरला हलवलेच पाहिजे, हेही ती वेळेवर सांगे, आणि घरचे पुरुष पुष्कळदा ऐकत नसत. अक्षरओळख नव्हती. मला सुईणीचे सोवळे चित्र रंगवायचे नाही. विळ्याने किंवा पात्याने कापलेली नाळ, तिला लावलेली राख, त्यातून होणारा धनुर्वात, याने किती मुले गेली असतील त्याची गणती कुणी ठेवलेली नाही. प्रशिक्षणाची गरज होतीच. प्रश्न एवढाच की प्रशिक्षण देणाऱ्याने समोरच्या बाईकडे काही आहे असे धरले, की तिची पाटी कोरी धरली?

शासनाने दाईप्रशिक्षणाची योजना आखली तिचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. तीस दिवसांचे शिक्षण. आठवड्यातून दोन दिवस आरोग्य केंद्रात, उरलेले दिवस नर्सबाईंबरोबर गावोगाव. त्या काळात रु. ३०० विद्यावेतन. शेवटी एक प्रमाणपत्र आणि बाळंतपणाच्या सामानाची पेटी. पुढे प्रत्येक बाळंतपणामागे रु. १०, तेही केंद्रात नोंद झाली तर. आजीने हे प्रशिक्षण घेतले. उकळलेले पाते, स्वच्छ दोरा, साबणाने हात धुणे, नाळेला काहीही न लावणे, हे ती शिकली आणि मरेपर्यंत तिने ते पाळले. प्रशिक्षणाच्या काळात ज्या केंद्रात ती जात असे तेथे चहा झाल्यावर तिचा कप तिनेच विसळून खिडकीत वेगळा ठेवायचा, असा रिवाज होता असे ती सांगे. हात धुण्याचे शास्त्र शिकवणाऱ्यांना त्यात काही विसंगती दिसली नसावी. बाळंतपणाची नोंद नर्सबाईंच्या रजिस्टरात होई, नर्सबाईंच्या कामात धरली जाई. दहा रुपये कधी मिळत, पुष्कळदा मिळत नसत. दाईचे प्रमाणपत्र घेऊन शिपायाची नोकरीसुद्धा मागता येत नव्हती. ते पुढे कोणत्याच पायरीला जोडलेले नव्हते.

असे नाही की या जिल्ह्याला प्रशिक्षण म्हणजे काय हे माहीत नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीरावांनी त्या पाहिल्या होत्या, आणि सावित्रीबाईंचे शिक्षिकेचे शिक्षण येथे झाले. प्रशिक्षणाने एका स्त्रीला शिक्षिका हे पद दिले, आणि ते पद घेऊन ती महार-मांगांच्या वस्तीत गेली. हीच स्त्री १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करताना गेली. शिक्षण आणि शुश्रूषा ही दोन कामे तिच्या आयुष्यात वेगळी नव्हती. पुढे विसाव्या शतकात मिशनच्या दवाखान्यांतून परिचारिका तयार होऊ लागल्या. परक्याच्या अंगाला हात लावायचे काम म्हणून सवर्ण घरे त्याकडे नाक मुरडीत होती तेव्हा ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांच्या मुली पांढरा गणवेश घालून या वाटेने गेल्या. नगरमध्ये दलित स्त्रीच्या पगारी आरोग्यसेवेचा आरंभ शोधायचा तर तो तेथे आहे. आपण धर्मांतराच्या वादात इतके गुंतलो की या परिचारिकांचा इतिहास लिहायचा राहून गेला.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. त्यातील आकडे आजही अंगावर येतात. ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३,००० मागे एक परिचारिका, ६०,००० मागे एक प्रशिक्षित सुईण. यावरून समितीने मोठी आणि चांगली स्वप्ने पाहिली, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच समितीने डॉक्टर एकाच प्रकारचा असावा, विद्यापीठाची पदवी घेतलेला, असेही ठरवले. त्या वेळच्या नोंदलेल्या डॉक्टरांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश लोक पदवीधर नव्हते. ते कमी मुदतीचा 'लायसेन्शिएट' अभ्यासक्रम पुरा केलेले होते. तो अभ्यासक्रम बंद करू नये असे समितीतील काही सदस्यांनी भिन्न मतपत्रिका जोडून सांगितले. त्यांचे चालले नाही. दर्जा वाढावा हा हेतू चांगलाच. पण ज्या समाजात मॅट्रिक होणे हीच मोठी गोष्ट होती तेथे मधली पायरी काढून टाकली की वर कोण पोचणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता जामखेडकडे वळतो, कारण या विषयाचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला झाला. नगरपासून सुमारे ७५ किलोमीटर, बीडच्या सीमेला लागून, दुष्काळी, दिवाळी झाली की ऊसतोडीला गावेच्या गावे रिकामी होणारा हा तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काम केले. तेथे रोगी बरा होऊन घरी जातो आणि त्याच रोगाने पुन्हा येतो, हे त्यांनी पाहिले. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला 'सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प' सुरू केला.

आरंभी त्यांनीही सर्वांसारखेच केले, गावोगाव नर्स पाठवल्या. ते जमले नाही. शहरात शिकलेली, अविवाहित, परगावची मुलगी एकटी खेड्यात राहणार कशी, आणि गावातली बाई आपले मनातले तिला सांगणार कशी? मग गावातीलच बाया निवडायच्या असे ठरले. त्यांत बहुतेक निरक्षर होत्या, पुष्कळ दलित होत्या, काही टाकलेल्या, काही विधवा. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी जामखेडला यायचे, एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे. मराठ्याच्या घरातली बाई आणि महार-मांगाच्या घरातली बाई एकाच पंगतीला, रात्री शेजारी शेजारी. चित्रांच्या पाट्या, गाणी, नकला यांतून गरोदरपण, हगवण, क्षय, कुष्ठरोग, लसी, कुटुंबनियोजन हे विषय शिकवले जात. शिकलेले गावात जाऊन करायचे आणि पुढच्या आठवड्यात येऊन काय फसले ते सांगायचे. म्हणजे तीस दिवसांत संपणारे, मग कपाटात जाणारे हे शिक्षण नव्हते, ते वर्षानुवर्षे चालू राहिले. माझ्या मते जामखेडची खरी शोधबुद्धी या ठिकाणी आहे. शिकणारीचा अनुभव हाच तेथे अभ्यासक्रमाचा अर्धा भाग होता.

१९७२ च्या दुष्काळातली एक गोष्ट कार्यकर्त्यांनी विसरू नये अशी आहे. प्रकल्पाने गावोगाव कूपनलिका खोदल्या. जागा निवडताना शक्य तेथे त्या दलित वस्तीत किंवा वस्तीजवळ घेतल्या गेल्या. पाणी हवे तर सवर्णाला महारवाड्यात यावे लागले. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जो प्रश्न विचारला गेला त्याचे हे हातपंपाने दिलेले एक लहानसे उत्तर होते. भाषणे न करता दिलेले.

परिणाम काय झाला? प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती, १९७६ पर्यंत हे प्रमाण ५२ वर आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या सहभागातून चाललेल्या आरोग्यकार्यावर जे पुस्तक काढले त्यात जामखेडचे प्रकरण होते. १९७८ साली आल्मा-आटा येथे १३४ देशांनी 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा केली, तिच्या मागे जी थोडी प्रत्यक्ष उदाहरणे होती त्यांत हे एक. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. सभागृहातील झुंबरे दाखवून त्या म्हणाल्या की डॉक्टर असे आहेत, सुंदर पण महाग आणि दूरचे. मग पणती काढून तिने दुसरी पणती लावून दाखवली. हा प्रसंग जगभर सांगितला जातो. आपल्या जिल्ह्यातील किती महाविद्यालयांत सांगितला जातो, हे प्रत्येक अध्यापकाने आपापल्या वर्गात विचारून पाहावे. मी विचारले तेव्हा एका वर्गात दोन हात वर आले, आणि दोघीही जामखेडच्या होत्या.

येथपर्यंत मी जामखेडचा भाट आहे. पुढे माझे मतभेद आहेत. आरोग्यसेविकेला पगार नसावा, ती गावाची असावी, सरकारची वा संस्थेची नोकर नसावी, ही तेथील भूमिका राहिली. तिने शेळ्या, बांगड्या, भाजीपाला अशा छोट्या धंद्यांतून आपले पोट भरावे, त्यासाठी संस्था कर्ज आणि शिक्षण देईल. या भूमिकेमागे विचार आहे. पगार आला की ती वरच्या साहेबाला उत्तर देईल, गावाला देणार नाही, हे सरकारी नोकरशाही पाहिलेल्या कुणालाही पटेल. तेथील कितीतरी बायांना या कामाने नवऱ्यापुढे आणि सरपंचापुढे उभे राहण्याचे बळ दिले. पैशात न मोजता येणारी ही कमाई मी नाकारीत नाही. पण स्वेच्छेने सेवा करण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते. पाच एकर बागायत असलेल्या घरातली बाई दुपारी दोन तास गावाला देते तेव्हा तिचे काही बुडत नाही. मजुरीवर जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो. शिवाय मांगाच्या बाईने विनामोबदला बाळंतपण करावे ही अपेक्षा गावाला नवी नव्हती. गावाने ती हजार वर्षे केली होती. तिला आता 'सेवा' हे सुंदर नाव मिळाले.

आणि जामखेड तालुक्यातील जातही संपली नाही. याच तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा, सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून, खून झाला. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. हा दोष आरोग्य प्रकल्पाचा नव्हे. परंतु एका पंगतीला जेवलेल्या बायांनी जातीचा प्रश्न मिटवला असे परदेशी पाहुण्यांना सांगितले जाते तेव्हा खर्ड्याचे नावही सांगावे, एवढेच.

दिल्लीने जामखेडपासून काय घेतले ते आता पाहू. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने गावातूनच अर्धवेळ आरोग्यकर्मी तयार करण्याची शिफारस केली. चीनच्या अनवाणी डॉक्टरांचे उदाहरण डोळ्यांपुढे होते. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने योजना सुरू केली. तीन महिन्यांचे शिक्षण, त्या काळात महिना रु. २००, पुढे महिना रु. ५० मानधन आणि रु. ५० ची औषधे. निवडले गेले ते बहुतांशी पुरुष, आणि निवड गावातील वजनदारांच्या हातात. जामखेडचा आत्मा तेथेच गेला. नावांचा प्रवास मात्र अभ्यासण्याजोगा आहे. १९७७ मध्ये तो आरोग्य 'कर्मचारी' होता. कर्मचारी म्हटले की हक्क आले, म्हणून १९८० मध्ये तो 'स्वयंसेवक' झाला. १९८१ मध्ये 'मार्गदर्शक'. २००२ मध्ये केंद्राने पैसे देणे थांबवले आणि योजना संपली. कामात काडीचा फरक न पडता माणसाचा दर्जा दोनदा बदलला. भाषेचा असा वापर आपल्या पूर्वजांना परिचित होता. हक्काचा शब्द टाळून वतनाचा शब्द वापरायचा.

वतन म्हणजे काय हे या त्रैमासिकाच्या वाचकाला सांगायला नको. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवली ती याच अनिश्चित, दयेवर अवलंबून असलेल्या मोबदल्याविरुद्ध. ठरलेले काम आणि ठरलेला पगार, ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षी त्यांनी कामकरी स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाच्या साधनांचा प्रसार सरकारने करावा असा ठराव विधानसभेत आला. तो स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मांडणारे प्र. ज. रोहम हे आपल्या दक्षिण नगर मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. ठराव पडला. पण बाईचे आरोग्य हा दयेचा नव्हे, कायद्याचा आणि सरकारी खर्चाचा विषय आहे, ही भूमिका आंबेडकरी राजकारणाने तेव्हाच घेतली होती. नगर जिल्ह्याच्या नावावर हा ठराव आहे, याचा आपल्याला विसर पडला आहे.

२००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्याबरोबर 'आशा'. हजार लोकवस्तीमागे एक, गावचीच विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता बाई, शिक्षण आठवीपर्यंत. पहिल्या वर्षात तेवीस दिवसांचे प्रशिक्षण. पगार नाही, कामागणिक मोबदला. इतके डोस, इतकी बाळंतपणे, इतके थुंकीचे नमुने. ऊसतोडीच्या मुकादमाचा हिशोबही असाच असतो, टनावर. त्याच काळात बाळंतपण दवाखान्यातच व्हावे असे धोरण ठरले. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'कुशल' प्रसूतिसेविकेची जी व्याख्या स्वीकारली तिच्यातून पारंपरिक दाई, प्रशिक्षण घेतलेली असो वा नसो, वगळली गेली. वैद्यकीय दृष्ट्या त्याची कारणे असतील. रक्तस्राव झाला तर दाईकडे रक्त नसते, शस्त्रक्रिया नसते, आणि दवाखान्यातील बाळंतपणाने बाया वाचल्या हे मी मानतो. पण ज्या बाईला सरकारने स्वतः प्रशिक्षण दिले, पेटी दिली, तिचे पुढे काय करायचे याचा विचार त्या धोरणात नव्हता. तिला केंद्रात मदतनीस म्हणून घेता आले असते. बाळंतिणीची भीती घालवण्याचे, पोट चोळून देण्याचे, पहिले दूध पाजवण्याचे काम तिच्याइतके कुणाला येत होते? जिने गावाची निम्मी लोकसंख्या हातावर झेलली ती एका परिपत्रकाने अकुशल झाली.

निरक्षर वा अल्पशिक्षित बाई किती शिकू शकते याचा दुसरा पुरावा गडचिरोलीत मिळाला. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. वजन, तापमान, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि इंजेक्शनही देणे. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापले. हीच पद्धत पुढे आशांच्या प्रशिक्षणात आली. घरभेटी आल्या, वजनकाटा आला, तक्ते भरणे आले. इंजेक्शनचा अधिकार मात्र सर्वसाधारणपणे आला नाही. जबाबदारी खाली येते, अधिकार वरच राहतो.

कोविडच्या काळात हे सर्वांनी पाहिले. गावाबाहेरून आलेल्यांची यादी कुणी केली? ताप कुणी मोजला? आशांनी. त्यासाठी केंद्राने महिना रु. १,००० जाहीर केले. जून २०२१ मध्ये राज्यातील आशा संपावर गेल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा सन्मान केला. पुढे २०२४ च्या आरंभी त्यांना पुन्हा मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले, तेव्हा कोठे राज्याने वाढीव मोबदल्याचा निर्णय अमलात आणायचे ठरवले.

६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ कोविड रुग्ण दगावले. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले. अटक मात्र एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना झाली. खटल्यातील गुणदोष न्यायालयाचे आहेत, त्यावर मी बोलत नाही. मी विचारतो तो प्रशिक्षणाचा प्रश्न आहे. आग लागल्यावर नळीला जोडलेला रोगी कसा हलवायचा, याची तालीम त्या परिचारिकांना कुणी किती वेळा दिली होती? विजेची तपासणी, अग्निरोधक यंत्रणा, यांचे निर्णय कोणत्या मजल्यावर होत होते? प्रशिक्षणाच्या गरजांचे तक्ते बनवणाऱ्यांनी हे प्रश्न रकान्यात घातले पाहिजेत.

एक गट तर 'आरोग्य मनुष्यबळ' या शब्दात धरलाच जात नाही. रुग्णालयाची फरशी पुसणारा, रक्ताचे बोळे उचलणारा, शवविच्छेदनाच्या खोलीत हातभार लावणारा सफाई कामगार. महाराष्ट्रात १९७५ पासून लाड समितीच्या (आज लाड-पागे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या) शिफारशींप्रमाणे त्याच्या जागी त्याच्या वारसाला घेतात. नोकरी टिकली म्हणून कामगार हा हक्क जपतात आणि कंत्राटीकरणाच्या काळात त्यांनी तो जपलाच पाहिजे. पण विचित्रपणा बघा. राज्यात ज्या कामासाठी वंश हीच पात्रता धरली जाते ते काम झाडूचे आहे. संसर्ग कसा पसरतो, सुई टोचली तर पुढच्या काही तासांत काय करायचे, हे त्याला पद्धतशीर कुणी शिकवत नाही. आणि ते शिकून त्याच रुग्णालयात तंत्रज्ञ होण्याची वाट तर नाहीच.

अंगणवाडीचेही तसेच. १९७५ ला योजना सुरू झाली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अंगणवाडी सेविका हे शासकीय पद नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क मान्य केला. 'मानधन' हा शब्द पुरेसा खरवडला तर खाली वेतन सापडते, असा त्या निकालाचा अर्थ मी घेतो. कायदा जाणणारे मित्र मला दुरुस्त करतील. आशांच्या संघटनांनी हा निकाल बारकाईने वाचायला हवा.

मग मागायचे काय? नुसती मानधनवाढ मागून हा गुंता सुटणार नाही. आशा, अंगणवाडी सेविका, रुग्णालयातील आया आणि सफाई कामगार यांनी कामावर मिळवलेले ज्ञान मोजून त्याचे श्रेय द्यावे, परिचर्येच्या शासकीय अभ्यासक्रमांत त्यांच्यासाठी जागा राखाव्यात, आणि शिकण्याच्या काळातील पगार बुडू देऊ नये. आमच्या विद्यार्थिनींपैकी कित्येकींच्या आया आशा आहेत. मुली खाजगी नर्सिंग कॉलेजची फी भरायला बचतगटाचे कर्ज काढतात. पंधरा वर्षे गावात काम केलेल्या आईच्या अनुभवाला मात्र त्याच कॉलेजात प्रवेशासाठी एका गुणाचीही किंमत नसते. आरक्षण असलेल्या जागा आहेत त्याही शिष्यवृत्ती वेळेवर न आल्याने अर्ध्यावर सुटतात. हा प्रश्न विद्यार्थी संघटनांनी उचलावा इतका जवळचा आहे.

अध्यापकांसाठी एक वेगळे काम आहे आणि त्याला फार वेळ उरलेला नाही. सरकारी योजनेत शिकलेल्या दाया आता ऐंशीच्या घरात आहेत. जामखेडच्या पहिल्या तुकडीच्या बायाही थकल्या आहेत, कितीतरी गेल्या. कर्जत, जामखेड, पाथर्डी, शेवगाव, श्रीगोंदे या तालुक्यांतील महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून या बायांकडे पाठवावे. काय विचारायचे तेही ठरवून पाठवावे. किती बाळंतपणे केली, काय शिकवले गेले आणि आधीच काय येत होते, पैसे कुणी दिले, कुणी बुडवले, कोणत्या घरात माजघरापर्यंत जाता येत होते आणि कोणत्या घरात पडवीतच थांबावे लागे. प्रमाणपत्र, पेटी, जुनी रजिस्टरे हाती लागली तर त्यांची छायाचित्रे घ्यावीत. बाईची संमती असेल तरच नाव घालावे. जमलेला मजकूर या त्रैमासिकाच्या पत्त्यावर पाठवला तर तालुकावार एकत्र करण्याची जबाबदारी मी घेतो.